घुडेकाकांची चौकट

कंप्युटरसमोर बसून तोंडाने स्तोत्र म्हटल्यासारखं पुटपुटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक मध्यमसा कारखाना होता. त्याचं स्टोअर घुडेकाकांच्या ताब्यात होतं. रोज सकाळी आठच्या आधी ते आपल्या टर्मिनलसमोर ताठ बसायचे, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि एका बोटाने टाइप करता करता मोठ्याने म्हणायचे, "डॅश बीजी ब्लॅक. डॅश एफजी यलो. डॅश जॉमेट्री..." मग आकडे. शेवटचा आकडा पडला की एंटरवर बोट आपटायचे आणि पडद्यावर त्यांची चौकट उघडायची. विंडो हा शब्द सगळे वापरायचे, पण ते चौकटच म्हणायचे.

मी तिथे लागले सत्त्याण्णवच्या सुमारास. सापगावची मुलगी, कल्याणला जाऊन कंप्युटरचा कोर्स केलेली, त्यामुळे डोकं जरा वरच असायचं. शहापूरहून येणारी मुरबाडची एसटी पकडायची, कारखान्याच्या फाट्यावर उतरायचं आणि दिवसभर स्वतःला शहाणी समजायचं, असा माझा कार्यक्रम. कारखान्यात एक मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं. सकाळी चालू केलं की करड्या पडद्यावर एक छोटी जागा दिसायची. तिथे कार्यक्रमाचं, म्हणजे प्रोग्रॅमचं, नाव टाइप केलं की तो उघडायचा. नुसतं नाव लिहिलं तर पांढऱ्यावर काळा, डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांना सारखा. पण नावापुढे डॅश देऊन काही शब्द लिहिले तर आपण सांगू त्या रूपात यायचा: मागचा रंग, अक्षराचा रंग, अक्षर केवढं, चौकट केवढी आणि पडद्यावर कुठे. हे सगळं मशीनबरोबर आलेल्या एका जाडजूड पुस्तकात होतं. ते पुस्तक अख्ख्या कारखान्यात एका माणसाने वाचलं होतं, आणि तो माणूस जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला होता.

"एवढं इंग्रजी कसं वाचलंत काका?" मी एकदा विचारलं.

"बोट ठेवून," ते म्हणाले. "संध्याकाळी घरी काय काम नसतं गो."

काकांना मूलबाळ नव्हतं. काकू मी लागायच्या बऱ्याच आधी गेल्या होत्या. वैशाखऱ्याला रस्त्याला लागून त्यांचं घर, शेजारी भावाचं. भावाने भिंत घालून चूल वेगळी केलेली. सणाला पलीकडून ताट यायचं, एरवी बोलणं नाही. पहिल्या एसटीने काका मुरबाडला उतरायचे ते कारखाना उघडायच्या तासभर आधी. वॉचमनच्या केबिनमध्ये बसून राहायचे. रविवार त्यांना सोसायचा नाही. काहीतरी निमित्त काढायचे, नट-बोल्ट मोजायचे राहिलेत म्हणायचे, आणि यायचेच. "घरी भिंत बोलत नाय," असं एकदा सहज म्हणाले आणि लगेच बेरिंगचा हिशेब काढला. मला तेव्हा ते विनोदासारखंच वाटलं होतं.

स्वतःचीच नाही, सगळ्यांच्या चौकटी ते सजवून द्यायचे. अकाउंटच्या निमसेंचं डोकं दुखायचं, तर त्यांना फिकट आकाशी रंग काढून दिला आणि ती अख्खी ओळ पोस्टकार्डावर लिहून टर्मिनलला चिकटवली. निमसे रोज ते कार्ड बघून टाइप करायचे आणि डोकं कमी दुखतं असं शपथेवर सांगायचे. रात्रपाळीच्या देसले वॉचमनला गेटपासची नोंद करायला एक टर्मिनल दिलं होतं. त्याच्यावर काकांनी नोंदीखाली एक भलंमोठं काटेवालं घड्याळ उघडून दिलं. "त्याला नोंद दिसली नाय तरी चालंल," म्हणाले, "पाळी कधी सुटते ते दिसलं पायजे."

माझ्याकडे आले तेव्हा मी तोऱ्यात होते.

"तुला कुठला रंग देऊ गो बाय?"

"जो आहे तो चालेल मला."

"जो हाय तो कुणाचाच नसतो," असं म्हणून त्यांनी माझी खुर्ची सरकवली, दोन मिनिटं पुटपुटले आणि बाजूला झाले. गडद हिरव्यावर पांढरी अक्षरं, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर माझं नाव, सुनंदा. कंप्युटरच्या पडद्यावर माझं नाव असं वर लावलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मी खुर्ची पुन्हा पुढे ओढून कामाला लागले. पण दुसऱ्या दिवशी ती ओळ मी पाठ करून आले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तरीही मला त्यांचा रोजचा टायपिंगचा सोहळा बघवत नसे. एका बोटाने तीन-तीन मिनिटं. एकदा चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "काका, ही ओळ एकदा साठवून ठेवू. रोज रोज कशाला?"

"नाय नाय. रोज लिवलं की रोज बदलता येतं. काल बसली ती आज बसंल असं नाय."

मी हसले. म्हटलं, म्हाताऱ्याला रंगाचा नाद आहे. निमसेंनाही सांगितलं, तेही हसले. काकांच्या कानावर गेलं असणार, कारण त्यानंतर पुटपुटणं थोडं हळू झालं.

आता मागे वळून बघताना ज्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात त्या तेव्हा आम्ही त्यांच्या स्वभावात जमा केल्या होत्या. कॅन्टीनच्या मावशी चहाचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताला ठेवायच्या. तो तसाच राहून थंडगार व्हायचा, नाहीतर कोपर लागून सांडायचा. मावशी फणकारायच्या, "दोन येळा गरम कराला मी काय तुमची बायको हाय?" पुढे काकांनी टेबलाच्या बरोबर मधे खडूने गोल काढला. "हितं ठेव. हितं ठेवलास तं इसरत नाय." मावशींनी तो गोल महिनाभर सगळ्यांना दाखवून करमणूक करून घेतली.

नवे मॅनेजरसाहेब पहिल्यांदा स्टोअरमध्ये आले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नमस्कार म्हणाले, हसले, आणि साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. साहेब बाहेर आल्यावर म्हणाले, "हा माणूस स्वतःला समजतो कोण?" त्या दिवसापासून घुडेकाका मानी म्हणून प्रसिद्ध झाले. रस्त्यात शेजारून गेलं तर ओळख देत नाहीत, असंही लोक बोलायला लागले. आणि कुणी हाक मारली की अख्खी मान टेबलफॅनसारखी सावकाश फिरवून बघतात, याची तर नक्कल व्हायची. नक्कल मी चांगली करायचे.

डोळ्यांचं म्हणाल तर त्याबद्दल कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. वर्षाला कारखान्याचे डॉक्टर तपासणीला यायचे, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचे. काका सगळ्यात खालची बारीक ओळ धडाधड वाचून दाखवायचे. डॉक्टर म्हणायचे, "घुडे, या वयात हे डोळे! काय खाता?" काका म्हणायचे, "नागली." आणि टर्मिनलवरची त्यांची अक्षरं तर दिवसेंदिवस बारीकच होत चालली होती. बाकी सगळ्यांची वयानुसार मोठी होत होती, निमसेंची तर एवढाली. काकांची बारीक. मी मनाशी म्हणायचे, म्हातारा मिरवतोय.

मग आमच्या मशीनवर नवी व्यवस्था आली. पडद्यावर खाली एक पट्टी आणि त्यावर बटणं. माउसने दाबलं की कार्यक्रम सुरू, टाइप करायची गरज नाही. ते बसवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते उत्साहाने केलं. नुसती बटणं नाही बसवली, प्रत्येकाची पोस्टकार्डावरची ओळ घेऊन ज्याच्या त्याच्या बटणामागे घातली. निमसेंचं आकाशी, देसलेचं घड्याळ, माझं हिरवं. काकांची ओळ कार्डावर नव्हती, म्हणून मी एक दिवस सकाळी मागे उभी राहिले आणि ते म्हणत होते तशी उतरवून घेतली. त्यांना कळलं नाही मी मागे उभी आहे ते. मला मजा वाटली, आयतं सरप्राइज म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांना बटण दाखवलं. खाली उजव्या कोपऱ्यात होतं. त्यांनी मान फिरवत ते शोधलं, माउस हळूहळू तिथवर नेला, दाबलं. काळ्यावर पिवळी, जशी काल होती तशी चौकट उघडली.

"आता स्तोत्र बंद," मी म्हटलं.

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "बेस केलंस गो बाय," म्हणाले. "पण यातलं बदलाचं झालं तं?"

"बदलायचं कशाला? मला सांगा ना, मी बदलीन."

कार्यक्रम थेट टाइप करून उघडायची सोय मी बंद केली होती. लोकांनी काहीतरी भलतंच टाइप करू नये म्हणून. बटणामागची ओळ बदलायला माझा पासवर्ड लागायचा. काकांनी मला बदल करायला कधीच सांगितलं नाही. मला वाटलं, सवय झाली. तीन मिनिटं वाचली याचं मला केवढं समाधान होतं, काय सांगू.

सात-आठ महिने गेले. स्टोअरमधून चुका व्हायला लागल्या. आधी लहान. दहाच्या जागी शंभर वॉशर गेले, त्यावर हसणं झालं. मग एका पंपाला चुकीच्या मापाची बेरिंग गेली. चाचणीच्या वेळी पंप तापला, शाफ्ट अडकला, आणि कपलिंगचा तुकडा उडून भिंतीवर आदळला. एरवी जवळ उभ्या असणाऱ्या फिटरला काही झालं नाही, तो नेमका पाणी प्यायला गेला होता. साहेबांनी चौकशी लावली. मला सांगितलं, घुडेंनी काय पाहून ती बेरिंग दिली ते मशीनवर शोधून काढ. नोंद बरोबर होती. पडद्यावर माप योग्य होतं, शेवटच्या रकान्यात, उजव्या टोकाला. काकांनी ते वाचलंच नव्हतं.

त्या मशीनची एक सवय होती. ज्याने जे जे टाइप केलं ते ते साठवून ठेवायचं. आणखी काही सापडतं का म्हणून मी काकांच्या नावाची फाइल उघडली. त्यात दुसरं काही नव्हतंच. बटण यायच्या आधीच्या प्रत्येक सकाळची ती एकच ओळ, एकाखाली एक, काही वर्षांची. मी छापून घेतली. पंख्यासारख्या घड्यांचा तो लांब कागद टेबलावरून खाली लोंबत होता, आणि मी उभ्याने वाचत गेले.

सुरुवातीला चौकट अख्खा पडदा भरून होती, अक्षरं मोठी. काही महिन्यांनी चौकट थोडी लहान, डाव्या कोपऱ्यातून जरा आत. मग अक्षर एका मापाने कमी. मग चौकट आणखी आत. मधेच माउसच्या बाणाला लाल रंग आला. मागचा रंग पांढऱ्याचा निळा झाला, निळ्याचा काळा. दर तीन-चार महिन्यांनी आकडे बदलत होते आणि नेहमी एकाच दिशेने, मधोमध, लहान आणखी लहान. शेवटच्या ओळीपर्यंत ती चौकट पडद्याच्या बरोबर मध्यावर एखाद्या पाकिटाएवढी उरली होती. ती शेवटची ओळ मी त्यांच्या मागे उभी राहून उतरवून घेतलेली होती. त्यानंतर काही नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

स्टोअरमध्ये गेले. काका रॅकपाशी होते. मी बाजूला उभी राहिले, ते आपलं काम करत राहिले. मी दोन पावलं टाकून त्यांच्या समोर गेले, तेव्हा दचकले.

"काका, बाजूचं दिसत नाही ना तुम्हाला?"

त्यांनी हातातला डबा रॅकवर ठेवला. मग एका खोक्यावर बसले.

"कडेकडेनं जातंय," म्हणाले. "मधलं बेस दिसतंय. सुई ओवतो अजून. काचबिंदू म्हनत्यात. थेंब घालतो रोज, पण गेलं ते परत येत नाय म्हनतो डाक्टर."

"मला सांगायचं होतंत. एक ओळ बदलायची होती फक्त."

"एक ओळ बदलाला सांगितली असती तं तू इचारली असती कशाला. तू हुशार हाय." त्यांनी चष्मा पुसला. "मंग सायबाला कळलं असतं. मंग घरी. सव्वा वरीस ऱ्हायलंय माजं, सुनंदा. रिटायर होऊन सगळेच जातात. पण तेवडं सव्वा वरीस तरी मानसांत ऱ्हावाचं व्हतं."

त्या दिवशी मी त्यांचं बटण काढून टाकलं आणि टाइप करायची सोय पुन्हा चालू केली. दुसऱ्या सकाळी ते बसले, चष्मा पुसला, आणि माझ्या कानावर ते पुटपुटणं आलं. "डॅश जॉमेट्री..." खूप वेळ लागला. आठ महिन्यांत बरंच काही गेलं होतं. आकडे टाकायचे, चौकट उघडायची, मान हलवायचे, बंद करायचे, पुन्हा. अक्षर सगळ्यात बारीक केलं तरी बेरिंगची ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण मावेना. एक टोक दिसलं की दुसरं जायचं. मी माझ्या टर्मिनलवरून नुसती बघत होते. सव्वा नऊला ते उठले.

"कुठे काका?"

"सायबाकडं."

"मी काही बोलणार नाही कुणाला. आपण काढू काहीतरी. मी तुमच्या नोंदी वाचून दाखवीन."

"आणि तू रजेवर गेलीस म्हंजे?" ते म्हणाले. "त्या दिवशी तो फिटर पानी पियाला गेला व्हता. रोज जाईल काय तो?"

साहेबांना त्यांनीच सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना त्या पहिल्या दिवशीचा हात आठवला असावा, कारण बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. काकांना महिन्याच्या आत मोकळं केलं. निरोपाला पेढे होते, शाल होती, आणि काकांनी सगळ्यांची नावं घेत भाषण केलं, ज्याचं नाव घेतलं तो नेमका दुसऱ्याच बाजूला उभा असायचा. कुणी हसलं नाही.

त्यानंतर वर्षभराने, भाताची झोडणी उरकली होती तेव्हा, मी वैशाखऱ्याला गेले. तीच आमची शेवटची भेट. लग्न झाल्यावर मी पुढे नाशिककडे गेले आणि ते गेल्याचं मला निमसेंच्या पत्रातून कळलं.

काका ओट्यावर बसले होते. मी शहाणी झाले होते, बाजूने न जाता सरळ समोर जाऊन उभी राहिले.

"कोन? सुनंदा काय गो? नुसतं नाक दिसतंय."

आत जाऊन त्यांनी स्वतः चहा केला. सगळं हाताच्या अंदाजाने. पलीकडच्या भिंतीआड भावाकडची पोरं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. दोन तास आम्ही बोललो. कारखान्यातल्या एकेकाबद्दल त्यांनी विचारलं, मावशींबद्दल, देसलेबद्दल. माझ्या जवळ, समोर बसून, माझ्या चेहऱ्यावर नजर रोवून ते ऐकत होते. शेवटी मला राहवलं नाही.

"काका, ते बटण मी केलं नसतं तर?"

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तं रोज थोडं थोडं बदलत सवय झाली असती, तेवडं वरीस मिळालं असतं," ते म्हणाले. "तुला कुठं म्हाईत व्हतं? मी सांगितलं नाय."

मी रडले. ते रडणं त्यांना दिसलं की नाही कोण जाणे, पण ऐकू आलं असणार. त्यांनी हात पुढे केला आणि माझा खांदा सापडेपर्यंत चाचपला.

एसटीची वेळ झाली. मी उठले, पायरी उतरले, तर म्हणाले, "थांब. जरा मागं सर."

मी सरकले.

"अजून. अजून मागं."

अंगण संपलं, मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला पोचले. तिथून त्यांनी मान थोडी वर केली, थोडी खाली.

"हां. आता अख्खी दिसलीस," ओट्यावरून ओरडले. "साडी नेसून आलीस व्हय! जवळ व्हतीस तं कळलंच नाय." आणि थोड्या वेळाने, "जरा थांब तितंच. बगू दे."

माळशेजकडून गाडी आली. मी हात केला नाही. ती त्यांच्या नि माझ्या मधून धुरळा उडवत मुरबाडकडे गेली, आणि ती गेल्यावर काका मान इकडून तिकडे फिरवत रस्ता धुंडाळू लागले.

"गेलीस काय गो?"

"नाय काका," मी ओरडले, "इथंच हाय."

पुढची गाडी दीड तासाने होती.